“कादंबरीकार सिनेमात गेला की संपला” म्हणे!

अर्धविराम
‘लेखकांनो, पडद्यापासून लांब राहा’ ही पोस्ट काल वाचली आणि डोकं फिरलं. सार काय, तर कादंबरीकार पटकथेकडे वळला की त्याची भाषा पातळ होते आणि खरा साहित्यिक पैशाची गोष्ट काढत नाही. असलं लिहायला दर एक तारखेला खात्यात पगार पडावा लागतो.

हिशोब करा. ३०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के मानधन, हजारची आवृत्ती. सगळी खपली तरी हातात ३० हजार. ती खपायला किती वर्षं लागतात ते प्रकाशकालाच विचारा. तरी लेखकाने पटकथेला हात लावायचा नाही?

खांडेकरांनी दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ सिनेमा लिहिला १९३६ ला, तेव्हा ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. १९३८ ला कोल्हापूर गाठलं, आणखी सिनेमे लिहिले. ‘ययाति’ आली १९५९ ला, ज्ञानपीठ १९७४ ला. हा संपलेला लेखक का?

चष्मेबहाद्दर
सपशेल असहमत. सोयीच्या तारखा तेवढ्या दिल्यात. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ कादंबरी १९४२ ची आणि पुढची ‘अश्रू’ थेट १९५४ ची. मधली बारा वर्षं कुठे गेली? सिनेमाने खाल्ली.
प्रेमचंदांचंही बघा. १९३४ ला अजंटा सिनेटोन या सिनेमा कंपनीच्या पगारावर मुंबईत आले, वर्षभरात विटून बनारसला परत. मग ‘गोदान’ छापून आली. मुंबईतच राहिले असते तर?

अर्धविराम
विनायक १९४७ ला वारले. मग पुढची सात वर्षंही सिनेमानेच खाल्ली का? आणि त्या बारा वर्षांत खांडेकरांनी कथा, लघुनिबंध लिहिले, ते तुमच्या हिशोबात धरत नाहीत वाटतं.

गुरुवारची भीती
मालिका लिहिते, म्हणून बोलते. परवा रात्री साडेअकराला फोन आला, नायिका डेंग्यूने आडवी. सकाळी सातच्या शिफ्टला तिच्याशिवाय चार सीन हवेत. मी तिला माहेरी धाडली, तर म्हणे माहेरचा सेट गेल्याच आठवड्यात मोडला. शेवटी सासू फोनवर एकटीच बोलतेय, पलीकडचा आवाजच नाही. अडीचला मेल केला. सासूबाईंनी काम असं केलं की ईपीने (कार्यकारी निर्मात्याने) तो सीन आणखी लांबवायला सांगितला!
पैसे नव्वद दिवसांनी, तेही चार वेळा आठवण केल्यावर. भाषा पातळ होते का माहीत नाही, झोप मात्र होते. पण घराचा हप्ता यातूनच जातो. माझ्या कथासंग्रहाच्या मानधनातून एकदा पंखा घेतला होता.

निवृत्त ग्रंथपाल
मूळ रोगावर कोणीच बोलत नाही. व्हॉट्सॲपवर फुकट पीडीएफ फिरवणारे तुम्हीच, आणि लेखकाला पैसे मिळत नाहीत म्हणून गळे काढणारेही तुम्हीच. आमच्या वाचनालयाच्या सभासदांनी मलाच पीडीएफ पाठवल्यात, खाली हात जोडलेली इमोजी टाकून.

कोकणी मेवा
काका, पीडीएफचा वेगळा धागा काढा हो.
शहाणपणा अरुण साधूंनी केला. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून मोकळे. या दोन्ही कादंबऱ्यांवरच्या १९७९ च्या ‘सिंहासन’ सिनेमाची पटकथा विजय तेंडुलकरांनी केली. ज्याचं काम त्याने करावं.

चष्मेबहाद्दर
आणि नाव कोणाचं झालं? दिग्दर्शक जब्बार पटेल आणि तेंडुलकरांचं! आमच्या साहेबांना निरोप समारंभात ‘सिंहासन’ कादंबरी दिली, तर म्हणाले, “अरे वा, सिनेमावरून पुस्तकही काढलं का!”

कोकणी मेवा
तुमचे साहेब वाचत नाहीत, यात साधूंचा काय दोष? सिनेमातला पत्रकार दिगू टिपणीस साधूंचाच. तेंडुलकरांनी दोन जाडजूड कादंबऱ्यांतून कापून कापून सिनेमा काढला, हेही तितकंच खरं.

निवृत्त ग्रंथपाल
कापून कापून म्हणजे निम्मी मुंबईच कापली! कादंबरीतलं शहर सिनेमात आहेच कुठे? दोन्ही पुस्तकं मी स्वतः बाइंडिंग करून घेतली होती, मला शिकवू नका.

कोकणी मेवा
बाइंडिंग केल्याने समीक्षक होता येत नाही, काका.

निवृत्त ग्रंथपाल
जीभ आवरा. तुमच्या वयाचा नातू आहे मला.

गुरुवारची भीती
त्यालाही बोलवा मग, एपिसोड होईल.

अर्धविराम
अहो, विषय काय होता! जयवंत दळवी यूएसआयएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या माहिती खात्यात नोकरी करून लिहीत होते, श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत. सकाळची कचेरी कोणाची भाषा पातळ करत नाही, मग पटकथाच नेमकी कशी करते?

चष्मेबहाद्दर
कचेरीत फायली लिहितात, गोष्टी नाही. दिवसभर गोष्टी विकून रात्री स्वतःसाठी काय उरणार? वरच्या ताईंनाच विचारा, पुढची कादंबरी कुठवर आली.

गुरुवारची भीती
तिसऱ्या प्रकरणात. दोन वर्षं झाली. घ्या, एक मार्क तुम्हाला.

चष्मेबहाद्दर
घेतला. विनायक १९४७ ला वारले हेही दिलं. बाकी सगळं चूक.

नवखा लेखक
जरा कामाचं विचारू का? एक निर्माता माझ्या कादंबरीचे हक्क मागतोय. दोन पानी करार आहे, मुदतीचा उल्लेखच नाही. सही करू?

गुरुवारची भीती
अजिबात नको. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात. तोवर दुसऱ्या कोणाला देता येणार नाहीत. वर्षभरात वापरले नाहीत तर हक्क तुमच्याकडे परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. बहुतेक जण नेमकं तेच वेगळं लिहितात. दुसऱ्या पानावरचा बारीक मजकूर वाचा. आणि पटकथाही तुम्हीच करणार असाल तर तिचं मानधन वेगळं लावा, पहिला हप्ता सहीच्या दिवशीच.

निवृत्त ग्रंथपाल
आणि कराराची पीडीएफ कोणाला पाठवू नका.