आजोबांच्या ट्रंकेत चिनी चांदीची नाणी सापडलीत, खरी की खोटी कसं ओळखायचं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी, आमचे आजोबा बोटीवर होते, मुंबई सिंगापूर हाँगकाँग अशा फेऱ्या असायच्या, त्यांच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत आईला तीन मोठी नाणी सापडलीत. एकावर लष्करी गणवेशातला गलेलठ्ठ माणूस आहे आणि मागे धान्याच्या लोंब्या, दुसऱ्यावर ड्रॅगन आणि गोल फिरवून इंग्लिश अक्षरं, तिसऱ्यावर त्रिशूळ आणि ढाल घेतलेली बाई उभी आहे. आमच्या सराफाने कॅरेट मीटरवर ठेवून बघितली, गणवेशवाला ८९, बाई ९० आणि ड्रॅगन ९७ टक्के चांदी दाखवली, म्हणून तो म्हणतो ड्रॅगन सगळ्यात चांगला आणि तिन्ही मोडीत घ्यायला तयार आहे. मामा म्हणतो चायनाचा माल म्हणजे सगळं डुप्लिकेट. लोहचुंबकाला एकही चिकटत नाही. विकायची घाई नाहीये पण आजोबांनी सांभाळून ठेवलेलं नक्की काय आहे ते कळायला हवं. कोणी जाणकार असेल तर सांगा प्लीज.

नाणेवाला_पुणे
आधी एक काम करा, मोडीत देऊ नका आणि चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावून घासू नका. वर जो काळपट थर चढलाय तो पण पुरावाच असतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत धाडकन पडते.

गणवेशवाला म्हणजे युआन शिकाई, चीनचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष, त्याच्या चेहऱ्याचा १९१४ पासून निघालेला डॉलर. त्याचं वजन साधारण २६.४ ते २६.९ ग्रॅम भरायला हवं, व्यास ३९ मिलिमीटर आणि चांदी ८९ टक्के, म्हणजे तुमच्या मीटरचा आकडा बरोबर बसतोय. खूप झिजलेलं असेल तर वजन थोडं कमी चालेल पण २५ च्या खाली गेलं की माझ्या मते विषय संपला. डोक्याच्या वर चिनी अक्षरं मोजा. या डॉलरवर चिनी प्रजासत्ताकाची ३ (म्हणजे १९१४), ८, ९ आणि १० एवढीच वर्षं येतात, तिसऱ्या वर्षाच्या नाण्यावर सहा अक्षरं असतात आणि बाकीच्यांवर सात. कोपऱ्यात इंग्लिशमध्ये एल जॉर्जी अशी सही दिसली तर खूश होऊ नका, तो टियानजिनच्या टांकसाळीतला इटालियन कोरीवकार, त्याच्या सहीचे नमुने इतके दुर्मिळ आहेत की घरात सापडलेला जवळपास नक्कीच नकली निघतो.

चुंबकाचं म्हणाल तर त्याने फक्त लोखंड पकडलं जातं. पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर यातलं काहीच चिकटत नाही, त्यामुळे ती टेस्ट पास झाली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. आणि मला खरी शंका ड्रॅगनची येतेय. ती नाणी साधारण ८९-९० टक्के चांदीचीच असायची, ९७ कुठून येणार? कॅरेट मीटर फक्त वरची पातळ कातडी वाचतो, आतलं त्याला दिसत नाही, त्यामुळे जाड मुलामा असला की आकडा उलट जास्तच छान येतो.

केतकी_हाँगकाँग
मी इथे नोकरीला आहे. अप्पर लस्कर रो म्हणून जुन्या वस्तूंची गल्ली आहे, तिथे युआन शिकाई आणि ड्रॅगन ढिगाने मिळतात आणि टुरिस्ट लोक खरे समजून घेऊन जातात. सगळ्यात सोप्या नकला ओतीव असतात, मोठं भिंग घेऊन बघितलं की पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा वितळलेल्या साबणासारख्या गोल होतात आणि कडेवर कुठेतरी दोन अर्ध्या भागांचा सांधा असतो किंवा तो कानशीने घासून टाकलेला असतो. खऱ्या नाण्याच्या कडेवरचे दाते सलग आणि एकसारखे असतात, म्हणून मी तर नाणं हातात आलं की चेहरा बघायच्या आधी कड बघते.

पण आता खऱ्या चांदीत, छाप मारून केलेल्या नकला पण येतात, तिथे वजन आणि टंच दोन्ही पास होतं. अशा वेळी दोन वेगवेगळ्या नाण्यांवर गालावर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला तर समजायचं दोन्ही एकाच नकली साच्यातली आहेत, कारण वापरातले ओरखडे दोन नाण्यांवर सारखे पडत नाहीत. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, ग्रेडिंग केलेलं, म्हणजे एखाद्या कंपनीने पारखून दर्जा दिलेलं नाणं दिसलं तरी त्या कंपनीच्या साइटवर नंबर टाकून फोटो जुळवून बघा, डब्या पण नकली निघतात. आणि छोटे छोटे चिनी ठसे असतील तर तेही तपासा, पूर्वी व्यापारी नाणं पारखून स्वतःचा ठसा ठोकायचे, खरा ठसा जोरात मारलेला असला की मागच्या बाजूला त्याच जागी नाणं थोडं चपटं झालेलं दिसतं.

नाणेवाला_पुणे
केतकीताईंनी बरोबर सांगितलंय. खाडीकाठ, घरी एक टेस्ट करा, नाण्याला काही होत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. आता काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. ८९-९० टक्के चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या आसपास येतं, पितळ साडेआठच्या जवळपास. मुलाम्याने मीटर फसतो, पण इथे आतल्या धातूचं वजन लपत नाही.

खाडीकाठ
केलं काल रात्री, आई टॉर्च धरून आणि मी दोरा धरून 🙂
गणवेशवाला कोरडा २६.७५, पाण्यात २.६०, म्हणजे १०.२९. अक्षरं सहा आहेत, सही वगैरे काही नाही.
बाई २६.९०, पाण्यात २.६१, म्हणजे १०.३१. खाली १९११ लिहिलंय आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक बी दिसतोय.
ड्रॅगन २३.१०, पाण्यात २.७०, भागाकार ८.५६. कडेवर एका ठिकाणी सांधा पण सापडला. म्हणजे संपलंच ना?

नाणेवाला_पुणे
ड्रॅगनचं संपलं, हो. त्याच्या इंग्लिश अक्षरांत सेव्हन मेस अँड टू कँडरीन्स असं असेल बघा, ते वजनच आहे, साधारण २६.८ ग्रॅम, आणि तुमचं २३ भरतंय. पण हे कधीचं नकली आहे ते यावरून कळत नाही. नाणं चलनात होतं तेव्हाही नकला फिरायच्या, तेव्हा आजोबांना पगारात किंवा बंदरावर कुणीतरी चिकटवलं असू शकतं. मामांना सांगा तीनातलं एकच डुप्लिकेट निघालं.

आता बाईचं, आणि हे वाचून मला खरंच आनंद झाला. तो ब्रिटिश ट्रेड डॉलर आहे, चीन आणि पूर्वेकडच्या बंदरांतल्या व्यापारासाठी १८९५ पासून काढलेला, मागे चिनी आणि मलय भाषेत एक डॉलर असं लिहिलेलं असतं. आणि त्रिशुळावरचा बी म्हणजे बॉम्बे, आपल्या फोर्टमधल्या टांकसाळीत पाडलेलं नाणं आहे ते! याच्याही नकला भरपूर निघतात, पण तुमचं वजन, घनता, वर्ष आणि खूण सगळं एकमेकांशी जुळतंय. तरी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो टाका, फोटो बघितल्याशिवाय मी शंभर टक्के म्हणणार नाही.

केतकी_हाँगकाँग
आणि ग्रेडिंगसाठी परस्पर कुरिअरने परदेशात पाठवू नका हं. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताबाहेर न्यायला १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याचं बंधन आहे. आधी तिकडच्याच एखाद्या नाणेसंग्राहक मंडळात दाखवा.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सराफाला नाही म्हणून सांगितलं. ड्रॅगन वेगळ्या पाकिटात ठेवून वर मार्करने नकली लिहिलंय, नाहीतर पुढे घरातलंच कोणीतरी खरं म्हणून विकायला जाईल. फोटो रविवारी उजेडात काढून टाकतो, कडेचे कसे काढायचे, उभं धरून की आडवं ठेवून?

नाणेवाला_पुणे
उभं धरा दोन बोटांत, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. थोडं थोडं फिरवून चार फोटो काढा म्हणजे पूर्ण कड येईल.