डिशवॉशरमधलं पाणी बाहेर जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या डिशवॉशरमध्ये तीन दिवसांपासून पाणी साचून राहतंय. भांडी धुतली जातात, फेरी पूर्ण होते, पण दार उघडलं की तळाशी गढूळ, तेलकट पाणी दिसतं. गाळणी पूर्ण बुडते इतकं. मशीन ६ वर्षांचं आहे, वॉरंटी केव्हाच संपली.

आतापर्यंत केलेले उद्योग: गाळणी काढून जुन्या टूथब्रशने धुतली. पाइप कुठे दुमडलाय का ते बघायला मशीन पुढे ओढून पुन्हा आत सरकवलं, दुमडलेला दिसला नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं. कशानेच फरक पडला नाही.

आईच्या बोटांना संधिवात आहे. या मशीनमुळे तिची भांड्यांतून सुटका झाली होती. आता ती पुन्हा सिंकपाशी उभी राहते आणि मला ते बघवत नाही. मेकॅनिक चार दिवसांनी येणार. तोपर्यंत घरी काही करता येईल का? बाथरूमसाठी आणलेलं ड्रेन क्लीनर घरात आहे, ते ओतू का?

प्रतिसाद १

ड्रेन क्लीनर कृपया ओतू नका. त्यात बहुधा कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारा तीव्र क्षार असतो. पाणी पुढे सरकतच नसल्यामुळे ते तिथेच साचून राहील, आणि त्याच पाण्यात तुम्हाला नंतर हात घालायचा आहे. आतल्या प्लास्टिकला आणि रबरालाही ते चांगलं नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो, पण उरतं ते जवळपास साधं खारट पाणी. त्याने अडकलेली वस्तू हलत नाही.

आधी एक सांगा. ड्रेन किंवा रीसेटचं बटण दाबल्यावर, म्हणजे पाणी बाहेर टाकायच्या वेळी, आवाज कसा येतो? अजिबातच येत नसेल तर पंपाला वीज पोचत नाही किंवा पंप जळलाय. नुसतं गुणगुणत असेल तर पंपाचा पंखा अडकलाय. पंप नेहमीसारखा जोरात चालतोय आणि तरी पाणी जात नसेल, तर पुढे पाइपमध्ये किंवा सिंकच्या जोडणीत काहीतरी तुंबलंय.

प्रश्नकर्ती

गुणगुण येते. मिनिटभर येते आणि बंद होते. पाणी जागचं हलत नाही.

प्रतिसाद १

मग पंख्यापर्यंत पोचायला हवं. तुमच्या मशीनमध्ये तो आतून उघडत असेल तर हे घरी होण्यासारखं आहे.

प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. पाण्याचा नळ बंद करा. खालचा ट्रे बाहेर काढा. कपाने आणि स्पंजने पाणी उपसा. जाड रबरी हातमोजे घालाच, कारण गाळणीखालच्या खड्ड्यात सगळ्यात जास्त सापडते ती काच. गाळणी काढल्यावर खड्ड्याच्या एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण दिसेल. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं, काहींत एक स्क्रू असतो. त्याच्या मागे बोटभर पात्यांचा पंखा असतो.

तो बोटाने फिरवून बघा. इथे बरेच जण फसतात. चांगला पंखासुद्धा पंख्यासारखा गरगर फिरत नाही, आत चुंबक असल्यामुळे अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. ते अडखळणं म्हणजे बिघाड नव्हे. अजिबातच हलत नसेल तर पात्यांमध्ये काय अडकलंय ते चिमट्याने काढा. जोर लावून पातं मोडू नका. झाकण परत लावताना ते नीट बसल्याचा ‘टक्’ आवाज यायला हवा. सैल राहिलं तर पंप चालूनही पाणी ढकलणार नाही.

असं झाकणच नसेल तर पंप खालून काढावा लागतो. ते मेकॅनिकवर सोडा. मशीन आडवं तर मुळीच करू नका. पाणी खालच्या तबकात सांडतं, आणि गळती ओळखणारा फ्लोट (पाण्यावर उचलला जाणारा तरंगता तुकडा) असलेल्या मशीनमध्ये त्यानंतर पंप थांबायचं नाव घेत नाही. मग एक दुखणं सोडून दुसरंच शोधत बसाल.

प्रश्नकर्ती

झाकण होतं! मागे बोटाच्या नखाएवढा काचेचा तुकडा आणि कागदाचा लगदा. काही दिवसांपूर्वी आत एक ग्लास फुटला होता. मोठे तुकडे वेचले होते, हा राहिला. आणि लगदा बरण्यांच्या लेबलांचा. लेबलं आपोआप सुटतात म्हणून मी रिकाम्या बरण्या तशाच आत ठेवत होते. पंखा तुम्ही म्हणालात तसाच अडखळत फिरला. रात्री फेरी लावली, तळ अगदी स्वच्छ. मनापासून आभार.

प्रश्नकर्ती (दुसऱ्या दिवशी)

परत पाणी आहे. 😞 रात्री तळ रिकामा बघून झोपले होते. सकाळी गाळणीच्या वरपर्यंत पाणी. पंप पुन्हा गेला का?

प्रतिसाद २

पंप गेला नाही. गाळणीखालच्या खड्ड्यात थोडं पाणी कायम असतंच, पण गाळणीच्या वर चढलेलं पाणी बाहेरून आलेलं आहे. फेरी संपताना तळ रिकामा होता, याचा अर्थ पंपाने त्याचं काम केलं. रात्रीत कोणी सिंक वापरलं का? तेच पाणी उलटं मशीनमध्ये येत असणार.

खात्री करायला तळ स्पंजने टिपून घ्या, सिंकला बूच लावून ते अर्धं भरा आणि एकदम सोडा. मशीनच्या तळाशी पाणी चढलं तर प्रश्न पाइपचा आहे. सांडपाण्याचा पाइप मशीनमधून निघून आधी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत वर जायला हवा, तिथे हुकात अडकलेला हवा आणि मग खाली सिंकच्या जोडणीला उतरायला हवा. तो जमिनीवर लोळत असेल तर सिंकचं पाणी सरळ आत शिरतं. हे अडवायला मशीनमध्ये एकमार्गी झडप असते, पण तिच्यात कचऱ्याचा कण अडकला की ती उघडी राहते. मशीन पुढे ओढलं होतं म्हणालात, तेव्हाच पाइप हुकातून निसटला असेल.

प्रश्नकर्ती

सिंक सोडल्यावर मशीनमध्ये दोन बोटं पाणी चढलं. पाइप खरंच खाली पडलेला होता, हूक रिकामा. आणि हो, रात्री उशिरा आईने चहाची भांडी सिंकमध्येच विसळली होती.

पाइप वर चढवून हुकात अडकवला, शिवाय प्लास्टिकच्या पट्टीने बांधला, चिमटला जाणार नाही इतपत सैल. पुन्हा सिंक भरून सोडलं, तळ कोरडा. झडपेतला कचरा मेकॅनिक आल्यावर त्याच्याकडून बघून घेते.

प्रतिसाद २

छान. पट्टी बांधलीत ते बरं केलंत. मेकॅनिक मशीन ओढेल तेव्हा ती कापेल, नवी बांधून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.