कम्प्रेशन ‘उतरतं’ म्हणजे काय उतरतं?

– घरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचं काम निघालंय. कामाची वही मराठीतच ठेवायची असा माझा हट्ट. ‘कम्प्रेशन टेस्ट’पाशी गाडी अडली. ‘संपीडन चाचणी’ असं लिहून मिस्त्रीकाकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “हा कुठला पार्ट, साहेब?” दुसरा शब्द आहे का?

– संपीडन चुकीचा नाही. शाळेत ध्वनीच्या धड्यात संपीडन आणि विरलन जोडीनं भेटतात. पिस्टनला ‘दट्ट्या’ लिहा, सायकलच्या पंपातला सगळ्यांना ठाऊक असतो. सिलिंडरची ‘वृत्तचिती’ मात्र भूमितीतच राहू द्या.

– आणि ‘सिलिंडर बघतोय’ असं घरात मोठ्यानं म्हणू नका. आमच्याकडे लगेच गॅसचा नंबर लागला होता.

– मला वाटतं इथे नाम सोडून क्रियापदाकडे बघावं. गॅरेजात कम्प्रेशन ‘उतरतं’, ‘पकडत नाही’, नाहीतर सरळ ‘जातं’. चाचणी कशी करतात ते आठवा. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची. प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज बसवायचा, एकानं अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. दट्ट्या हवा दाबतोच, त्यात शंका नसते. ती हवा कोंडून राहते की दट्ट्याच्या रिंगांतून, वालमधून (म्हणजे झडपेतून), हेडखालच्या गॅस्केटमधून निसटते, एवढंच बघायचं असतं. म्हणजे संपीडन होतंय, पण टिकत नाहीये!

‘कम्प्रेशन रेशो’ला मात्र ‘संपीडन गुणोत्तर’ अगदी चपखल. दट्ट्या तळाशी असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा. ते मापांवर ठरतं, रिंगा झिजल्या म्हणून उतरत नाही. इंग्रजीनं दोन्हीकडे एकच शब्द वापरला म्हणून आपणही वापरायचा का?

– सहमत. वडील ‘इंजिनात दम नाही’ म्हणायचे. दम धरणं, दम निघून जाणं, सगळं त्यात आलं. वहीत लिहायला जरा ढिला शब्द, पण चढावर गाडी रडायला लागली की हाच तोंडात येतो.

– चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघतात, त्याला काय म्हणाल? मी ‘कोरडी’ आणि ‘ओली’ म्हणतो. ओलीत काटा चढला तर रिंगा, ढिम्म राहिला तर बहुतेक वाल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दिसले की आधी हेड गॅस्केटचा संशय.

– मूळ प्रश्नकर्ता: काल चाचणी झाली. कोरडी: १२०, ११८, ८०, १२२ पौंड. तिसऱ्यात ऑइल सोडलं, ८२. काकांनी गेज पुसत निकाल दिला, “रिंगा बऱ्या आहेत. वाल घासायला लागतील.” हेड उतरवलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट वालची कड एका बाजूला जळलेली, नखाला खाच लागत होती.

वहीत लिहिलं, ‘तीन नंबर दाब धरत नाही.’ या वेळी काकांना अर्थ विचारावा लागला नाही. फक्त म्हणाले, “‘दाब’ कशाला? नुसतं ‘धरत नाही’ लिहा.”