बर्फाच्या ढिगाऱ्यांवरून आठवलं

वर ज्यांनी विचारलंय ना, की मुलगा अमेरिकेत बफेलो शहरात नवीन गेलाय, वादळानंतर कोपऱ्याकोपऱ्यावर बर्फाचे ढीग आहेत, गाडी कशी काढायची म्हणून, त्यांच्यासाठी लिहितोय. मी सोलापूरचा, पण दोन हिवाळे तिथं काढलेत. इरी तलावावरून वारा आला की बर्फ असा पडतो की बास.

आपल्याकडं मोहोळच्या पुढं आतल्या रस्त्याला दोन्हीकडं डोक्यावर ऊस उभा असतो बघा, वळणावर समोरून ट्रॅक्टर येतोय का काहीच दिसत नाही, तसंच समजा. फरक एवढाच की ऊस वाकतो, हा ढीग मात्र चार दिवसांत गोठून दगड होतो, बंपर गेलाच. चौकात काच खाली करायची, रेडिओ बंद, कान द्यायचा आन् गाडी वीतभर वीतभर पुढं सरकवत न्यायची, नाक एकदम बाहेर काढायचं नाही. मी हॉर्न पण वाजवायचो, तिथले लोक बघायचे चमत्कारिक नजरेनं, बघूदेत की!

फुटपाथ गाडले गेल्यामुळं माणसं रस्त्यातूनच चालतात, पोरं ढिगावर घसरगुंडी खेळतात, तिकडं लक्ष पायजे. टपावरचा बर्फ आधी झाडा, नाहीतर ब्रेक मारल्यावर सगळा पुढच्या काचेवर येतो, माझ्यावर आलेला.

आणि हे त्याला नक्की सांगा, गाडी ढिगात अडकली तर सायलेन्सरचं तोंड मोकळं केल्याशिवाय इंजिन चालू ठेवून आत बसायचं नाही, विषारी गॅस आत भरतो, वास पण येत नाही त्याला.