बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, खाण्यानं जीन्स चालू-बंद होतात म्हणजे नेमकं काय होतं?

मनीषनगरवाली:
नमस्कार, नागपूरहून लिहून राहिली. बाबा ६८ वर्षांचे, दोन महिन्यांआधी उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली, लिम्फ नोडमध्ये पसरलं होतं म्हणून स्टेज तीन सांगितली. आता किमो सुरू आहे, तीन आठवड्यांतून एकदा सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि घरी १४ दिवस केपसिटाबिनच्या गोळ्या. घरी भेटायला येणारे सगळे काही ना काही सांगून जातात, कोणी हळदीच्या कॅप्सूल आणून देते, कोणी म्हणते गहू बंद करा, दूध बंद करा. मावशी तर तोंडावर बोलली की दर रविवारी सावजी मटण खाऊ घातलं त्याचंच हे. ते मटण बारा वर्षं मीच करत होती, बाबांना आवडते म्हणून. तेव्हापासून मला रात्री झोप नाही.
एका व्हिडिओत ऐकलं की आहारानं कॅन्सरचे जीन्स बंद करता येतात. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर आता करता येईल का? ओपीडीत एवढी गर्दी असते की डॉक्टरांना नीट विचारताच आलं नाही, ते हलकं खा एवढंच म्हणाले.

कोष्टीपुरा:
ताई, आधी मटणाचं बोलतो कारण तुमची झोप त्यानंच गेली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सॉसेज, बेकन असलं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आणि साधं लाल मांस, ज्यात मटण येतं, ते ‘बहुधा करतं’ या गटात. त्यांचा आकडा होता, रोज १०० ग्रॅम लाल मांसामागे धोका साधारण १७ टक्क्यांनी वाढू शकतो. रोज, ताई, आठवड्यातून एकदा नाही. आणि १७ टक्के म्हणजे शंभरातल्या सतरा जणांना होतो असं पण नाही, जो मूळ धोका आहे त्यात तेवढी भर, आणि आपल्याकडे तो मूळ धोका युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी आहे. एका माणसाच्या गाठीचं कारण रविवारच्या पातेल्यात शोधता येत नाही. मावशींना हे वाचून दाखवा.

आता जीन्सचं. मी पेशींवर पीएचडी केली आहे म्हणून थोडं लांबण लावतो. आमच्या आजोबांच्या घरी हातमाग होता, कांडीवर सूत घट्ट गुंडाळलेलं असायचं, सैल झालं की मगच धागा निघायचा. डीएनए पण असाच हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. जिथं सैल तिथला जीन वाचला जातो, जिथं घट्ट तिथला गप्प राहतो. अक्षरं तीच, फक्त वाचन बदलतं. सैल करायला हिस्टोनवर ॲसिटाइलची खूण लागते आणि एक एन्झाइम ती खूण सतत काढून टाकत असतं.

आपण भाकर, डाळी, भाज्या खातो त्यातलं फायबर आपल्याला पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्याला आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या चांगल्या पेशींचं हेच मुख्य जळण. शिवाय ब्युटिरेट त्या खूण काढणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे खुणा टिकतात, सूत सैल राहते आणि पी२१ सारखा ‘आता विभाजन थांबव’ सांगणारा जीन वाचला जातो. हे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवीन होत असते, म्हणून थांब हा हुकूम तिथं फार मोलाचा. कॅन्सरची पेशी ब्युटिरेट फारसं जाळत नाही, ती मुख्यतः साखरेवर जगते, त्यामुळे ते तिच्यात साचते आणि प्रयोगशाळेत तर तिला मारते पण.

माणसांवर पण पाहिलं आहे. २०१५ मध्येच छापलेला एक प्रयोग, २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण, दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. फायबर वाढलेल्या अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं आणि अस्तरातल्या पेशींचं जोरात वाढणं कमी झालं, दुसऱ्या गटात बरोब्बर उलटं. दोनच आठवड्यांत! पण हे सगळे धडधाकट लोक होते हे विसरू नका.

आणि आता जो प्रश्न तुम्ही खरा विचारला. नाही, झालेली गाठ जेवणानं बंद होत नाही. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा एपीसी नावाचा जीनच तुटलेला असतो, तिथं अक्षरच बदललं, ते भाकरीनं दुरुस्त होत नाही. त्यासाठीच ऑपरेशन आणि किमो आहे, व्हिडिओच्या नादी लागून त्यात एक दिवस पण चुकवू नका, हे हात जोडून सांगतो.

एक काम करा, बायप्सी रिपोर्टमध्ये एमएमआर की एमएसआय लिहिलं आहे का बघा, पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीन्स ठीक आहेत का हे त्यातून कळतं. उजव्या बाजूच्या गाठीत कधीकधी एमएलएच१ हा डीएनए दुरुस्त करणारा जीन शाबूत असून मिथाइलच्या खुणांनी कुलूपबंद झालेला असतो, आणि कधी तो घराण्यातूनच बिघडलेला येतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. दोन्हीत मुलांसाठी पुढचा रस्ता वेगळा.

ज्वारी_जवस:
मी आहारतज्ज्ञ आहे. कोष्टीपुरा भाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण ताई ते वाचून बाबांना उद्यापासून ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी सुरू करू नका. केपसिटाबिननं जुलाब लागू शकतात, तेव्हा फायबर कमीच हवं, मऊ वरण-भात, केळं, पातळ खिचडी. जुलाब वाढले तर लगेच डॉक्टरांना फोन, वाट पाहायची नाही. दुसरं फार महत्त्वाचं, फोलिक ॲसिडची गोळी किंवा ते असलेलं मल्टिव्हिटॅमिन मनानं देऊ नका, काऊन तर फोलेटनं या औषधाचा त्रास वाढतो. जेवणातली पालक-मेथी वेगळी गोष्ट, त्याची भीती नाही. हळदीच्या कॅप्सूल पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, भाजीतली हळद चालते. गहू-दूध बंद करायचं कारण मला तरी दिसत नाही, उलट या दिवसांत वजन टिकवणं जास्त गरजेचं.
भाकरीचं काम घरातल्या बाकीच्यांसाठी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर मिळते. आपल्या आज्या ज्वारी, तूर, अंबाडी, जवस खात होत्या, आपण मैद्यावर आलो.

वर्धारोड७१:
माझ्या आईचे हेच आठ सायकल झाले. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर थंड लागलं की बोटांना मुंग्या येतात, घशात काटे टोचल्यासारखं होते. आम्ही मे महिन्यात होतो, ४५ डिग्री आणि माठाचं पाणी बंद, फार जिवावर आलं होतं. बाबांना कोमटच द्या, फ्रीजचं दार पण त्यांना उघडू देऊ नका. आई आता बरी आहे, गावाला जाऊन शेती पण बघते.

मनीषनगरवाली:
तुम्हा सगळ्यांचं वाचून रडू आलं, पण बरं वाटलं. रिपोर्ट काढला, चारही एमएमआर प्रोटीन शाबूत लिहिलं आहे. मावशीला फोनवर १७ टक्क्यांचं वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, मग म्हणे संध्याकाळी येते. फोलिक ॲसिड खरंच सुरू होतं, अशक्तपणासाठी शेजारच्यांनी दिलेलं, आज डॉक्टरांना कळवलं आणि बंद केलं.
भाऊ ४३ चा आहे, त्याला काही करावं लागते का?

कोष्टीपुरा:
चारही शाबूत म्हणजे लिंचची शक्यता बरीच कमी. तरी वडिलांना झाला म्हणून मुलांनी चाळिशीत, किंवा वडिलांना ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करतात. तुमच्याकडे हिशोबानं ४० येते, म्हणजे भावाला आत्ताच, आणि तुमचं वय झालं असेल तर तुम्हाला पण. मस्सा म्हणजे पॉलिप निघाला तर तिथंच काढून टाकतात, त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात.

मनीषनगरवाली:
मी ३९ ची. दोघांची अपॉइंटमेंट सोबतच घेते. ज्वारी_जवस ताई, शेवटचं एक, बाबा ज्वारीची आंबील मागून राहिले, देऊ का?

ज्वारी_जवस:
जुलाब नसतील त्या दिवशी द्या, पीठ बारीक चाळून, चांगली शिजवून, पातळ. ताक घालायचं तर त्याच दिवशीचं. आणि कोमट असतानाच.