'रिजिडायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

खानापूरहून विचारणा
घडी घालून रॉकेटमधून न्यायची, वर गेल्यावर फुगवायची आणि मग तिचं कापड रसायनाने कडक करायचं, अशा अंतराळ-रचनांवर शाळेसाठी टिपण लिहितोय. 'रिजिडायझेशन'ला 'दृढीकरण' सुचतो, पण आम्हा शिक्षकांना तो पाठ टिपणातला टप्पा वाटतो. दुसरा शब्द आहे का?

शहापूरहून
सर, एकच शब्द शोधू नका. कापड कशामुळे कडक होतं आणि पुन्हा मऊ होतं का, हे आधी बघा. क्रियापद तिथेच सापडतं.

1960 च्या दशकात जिलेटिनमध्ये भिजवलेल्या कापडावर प्रयोग झाले. निर्वात जागेत त्यातलं पाणी उडून जातं आणि कापड ताठ होतं. आमच्या विणकरांच्या घरात हे नवीन नाही. सुताला खळ लावतात, ती ओली असेतो सूत लुळं, वाळली की ताठ. पाण्यात घातलं की परत लुळं. म्हणून इथे 'वाळून ताठणे'.

काही पदार्थ नुसत्या थंडीने कडक होतात, ऊब मिळाली की मऊ. डिसेंबरात डब्यातलं तूप बघा की. याला 'थिजणे' सोडून दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

रेझिनचं, म्हणजे कापडात मुरवलेल्या राळेसारख्या चिकट रसायनाचं, मात्र वेगळं. उष्णतेने किंवा सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू एकमेकांत जोडले जातात, मग ते परत मऊ होत नाही. भाजलेल्या विटेची पुन्हा माती होत नाही तसं. परिभाषेत 'ऊष्मादृढ' आहेच, पण किरणांनी पक्क्या होणाऱ्या रेझिनला तो चालणार नाही. मी 'पक्कं होणे' म्हणेन. अशा रेझिनला काचतंतूंचं कापड बरं, कारण कार्बनतंतू किरणं अडवतात आणि आतलं रेझिन कच्चं राहतं. 'कच्चं' आपोआप आलं बघा, जोडीच आहे ती.

उद्यमबागहून
शहापूरकरांना दुजोरा. फाउंड्रीत (धातूच्या ओतकामात) वस्तूत पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, करतो. त्यासाठी सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू कोअर-बॉक्स या साच्यात दाबतो. तोवर बोट रुततं. मग कार्बन डायऑक्साइड सोडला की थोड्याच वेळात कोअर इतकी कडक होते की नखाने ओरखडा काढायलाही जोर लागतो. आम्ही म्हणतो, 'कोअर पक्की झाली'. 'दृढ झाली' कोणी म्हणत नाही. इथला कन्नड कामगार 'गट्टी' म्हणतो, पण त्याचा 'गट्टी' दाट आमटीलाही चालतो, म्हणून टिपणात नको.

खानापूरहून
मग 1964 चा एको-2? तो उपग्रह म्हणजे 41 मीटर व्यासाचा फुगा, रसायन काहीच नाही.

शहापूरहून
त्यात प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा होता. दाब देऊन तो किंचित जास्तच ताणला, सुरकुत्या गेल्या आणि वायू निघून गेल्यावरही आकार राहिला. तिथे 'ताणून ताठवला' लिहा, 'पक्का केला' नको. आणि 2016 मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेली बीम ही खोली या यादीत घेऊ नका. तिच्या भिंती मऊच आहेत, आतल्या हवेने फुगून राहिल्या आहेत. मुलं नेमकी तिथेच गोंधळतील. उलट रेझिन मुरवलेल्या कापडाची फुगवलेली नळी एकदा पक्की झाली की तिला बारीक उल्केने भोक पाडलं तरी ती बसत नाही, कारण तिला आता वायूचा आधार लागतच नाही. हे एक वाक्य टिपणात जरूर ठेवा.

शीर्षकाला 'फुगवून पक्क्या केलेल्या रचना' चालेल.