रेगे बॉब मार्लीने शोधला म्हणे!

कढईवाला:
परवा मित्राशी कडाक्याचं भांडण झालं म्हणून हा धागा. साहेबांचं म्हणणं, रेगे हा जमैकाचा संगीतप्रकार तिथल्या बॉब मार्ली या गायकाने शोधला. गोव्यातनं त्याच्या फोटोचा टीशर्ट आणला की एवढंच ज्ञान येतं बहुतेक. माझ्या मते रेगे जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनच्या गल्लीतल्या स्पीकरच्या खोक्यांनी घडवला. १९५० च्या दशकात साउंड सिस्टिमवाले ट्रकमधनं कपाटाएवढे स्पीकर आणून मोकळ्या जागेत नाच लावायचे, गेटवर तिकीट आणि आत दारूची विक्री. त्यातला ड्यूक रीड आधी पोलिसात, मग त्याचं दारूचं दुकान, म्हणजे गाणी ही धंद्याची जाहिरातच. दुसरा साउंड सिस्टिमवाला कॉक्सन डॉड तर अमेरिकेतनं आणलेल्या रेकॉर्डचं लेबल खरवडून टाकायचा, समोरच्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून! पुढे तिकडं रॉक अँड रोल आलं, इथल्या लोकांना हवी तशी गाणी येईनात, मग यांनीच लोकल पोरांना धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यातनं स्का हा नाचाचा वेगवान प्रकार आला, तो १९६६ च्या आसपास संथ झाला तो रॉकस्टेडी, आणि १९६८ ला टूट्स हिबर्टच्या मेटाल्स ग्रुपच्या गाण्यात रेगे हा शब्द आला. यात मार्ली कुठंय?

तिरसट तबलजी:
अहो कुठंय काय, तिथंच आहे की! मार्लीचा वेलर्स ग्रुप १९६४ लाच डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये गात होता, स्काच्या जमान्यात. तुम्ही त्याला टीशर्टवरनं उचलून थेट इतिहासाबाहेरच टाकलंत. आणि मार्ली नसता तर आज तुम्ही पुण्यात बसून ड्यूक रीडवर धागा काढला असता का, प्रामाणिकपणे सांगा.

कढईवाला:
पुण्यात नाही, साताऱ्यात. बाकी जगभर पोचवणं वेगळं आणि घडवणं वेगळं. वेलर्सचा १९७३ चा 'कॅच अ फायर' अल्बम घ्या, किंग्स्टनच्या टेप लंडनला नेऊन रेकॉर्ड कंपनीवाल्या क्रिस ब्लॅकवेलने वरनं एका अमेरिकन रॉकवाल्याची गिटार चढवली, गोऱ्या पोरांच्या कानाला बरं वाटावं म्हणून. फोडणी बदलली की राव.

तिरसट तबलजी:
फोडणी बदलली, डाळ तीच. बास आणि ड्रम ऐका, वेलर्सचे वादक बॅरेट बंधू. चार मात्रा धरा, सम रिकामी सोडलीय, किकचा ठोका पडतो तिसरीवर, आणि दुसरी-चौथीवर गिटारची चाक-चाक. आपण समेवर यायला जीव टाकतो आणि हे लोक समच मोकळी सोडतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ड्रमर चुकला. ही जादू ब्लॅकवेलच्या बापालाही जमली नसती, सो श्रेय वादकांना द्या, तुमच्या दारूवाल्या शेठला कशाला?

हौशी अभ्यासक:
एक मुद्दा दोघेही विसरताय. १८४५ ला भारतातनं गिरमिटिये (करारावरचे मजूर) जमैकाला गेले, तिथं आजही गांजाला गांजाच म्हणतात. रास्तांच्या (तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या) जटा आपल्या साधूंसारख्या. म्हणजे रेगेचं मूळ आपल्याकडेच निघतं.

नारळपाणी:
आलं, सगळं आपल्याकडनंच गेलं! शब्द गेला म्हणून ताल गेला असं होत नाही हो. रास्तांचे ते न्याबिंगी ढोल बुरू आणि कुमिना या आफ्रिकन परंपरांतले, रास्ता ढोलवादक काउंट ऑसीच्या वादकांनी ते १९६० च्या सुमारास रेकॉर्डवर आणले. जमैकात आपले साधारण ३६ हजार गेले, त्रिनिदादला १ लाख ४४ हजार, म्हणून खरा संबंध शोधायचा तर तिकडं जा. तिथल्या लॉर्ड शॉर्टी या गायकाने कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या प्रकारात ढोलक आणि धनताल घातला, त्यातनं सोका हा नवा प्रकार झाला, १९७३ चं त्याचं 'इंद्राणी' ऐका. (धनताल म्हणजे लोखंडी दांडा आणि त्यावर आपटायला घोड्याच्या नालासारखा तुकडा.) आणि तेही लोक बहुतेक भोजपुरी बोलणारे, तेव्हा मराठी छाती फुगवायची सोय नाहीच.

हौशी अभ्यासक:
बरं, जटांचा मुद्दा मागे घेतो. गांजाचा नाही.

कढईवाला:
तबलजी, बॅरेट बंधू मान्य, पण त्यांना वाजवायला जागा आणि पैसा कुणी दिला हे सांगा मग पुढचं बोलू. आणि तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर वादच बंद, त्यात बास येतच नाही.

तिरसट तबलजी:
हेडफोन आहेत हो. चांगले आहेत.